घरचं पाणी

दादा, आज सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला, मी ‘हॅलो’ म्हणाले आणि माझ्याच आवाजाने दचकले. घोगरा, कुणा परक्या म्हातारीचा असावा तसा आवाज. मग लक्षात आलं की काल दुपारी पोळ्या करणाऱ्या बाईंना ‘उद्या येऊ नका, पोळ्या उरल्यात’ एवढं सांगितल्यापासून मी तोंडच उघडलेलं नव्हतं. बँकेतून फोन येतात, विम्याचे येतात, ते मी उचलत नाही. हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर चार-पाच वर्षांनी ती माझ्याकडे पीएचडीला आली. अजिंठ्याकडची मुलगी, आता स्वतःच प्राध्यापक आहे, लांब दक्षिणेत, पण बोली अजून तिकडचीच.

“मॅडम, जेवण झालं का?”

“अकरा वाजता कोण जेवतं? काम सांग.”

“मेल पाहिली का?”

“तीनदा पाहिली.”

“मग ते वाक्य चालंल ना? उद्या सकाळी पेपर पाठवायचाय. तुम्ही व्हय म्हणल्याबिगर नाय पाठवणार मी.”

“संध्याकाळपर्यंत सांगते,” म्हणाले आणि फोन ठेवला. जेवण झालं का, असं विचारणारं मला दुसरं कुणी उरलेलं नाही, आणि तिला मी असं तोडून बोलले. तुम्ही असता तर आपल्या लेकीला म्हणाला असता, ‘जिभेला धार लावून ठेवलीस माय, कापायला हाय कोन?’

ते वाक्य असं आहे, मी मराठीत सांगते: ‘या एन्झाइमवरील पूर्वीच्या अभ्यासात, त्या काळच्या संगणकांच्या मर्यादांमुळे, आतील पाण्याचे रेणू विचारात घेता आले नव्हते.’ पूर्वीचा अभ्यास म्हणजे माझा. माझ्या सगळ्या नोकरीत ज्या एका कामामुळे लोक मला ओळखायचे, ते काम. आणि ते चूक होतं, हे तिने सिद्ध केलंय. चूक निघाली याचा मला राग नाही. राग आला तो त्या ‘मर्यादा’ शब्दाचा. म्हाताऱ्या माणसाला जिना उतरताना दंड धरतात ना, तसं ते वाक्य माझा दंड धरतं. मला असल्या सौजन्याची चीड आहे. निवृत्तीच्या सत्कारात विद्यापीठातल्यांनी मला शाल दिली, नारळ दिला, आणि एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘मेंढपाळाची लेक संगणकावर रेणू हाकू लागली.’ टाळ्या पडल्या. तुमची मेंढरं तेव्हापासून प्रत्येकाच्या भाषणात चरून जातात, दादा. त्यातल्या एकालाही मेंढीचं पुढचं टोक कुठलं ते सांगता येणार नाही.

मी काय काम करत होते ते तुम्हाला एकदा दाखवलं होतं. तुम्ही शहागंजच्या बाजारात घोंगड्या द्यायला आला होता आणि तिथून रिक्षाने विद्यापीठात, माझ्या खोलीत. एप्रिल असावा. खोलीत माणसांना पंखा आणि संगणकाला एसी, असा आमचा कारभार. तुम्ही त्या थंड काचेच्या कप्प्यापाशी उभे राहिलात आणि म्हणालात, “ह्याला थंडी वाजत आसंल की. घोंगडी ठिवू का एक?” माझे सहकारी हसले. तुम्हीही हसलात. मग मी पडद्यावर ते रंगीत गोळ्यांचं गाठोडं फिरवून दाखवलं. म्हटलं, दादा, हे एन्झाइम. सगळ्या जिवांच्या अंगात असतं, आपल्या, मेंढीच्या, गवताच्यासुद्धा. एका पदार्थाचा दुसरा करतं. गंमत अशी की काही पदार्थ दोन प्रकारचे असतात, आपल्या दोन हातांसारखे. उजवा तसाच डावा, पण एकाचा मोजा दुसऱ्याला होत नाही. औषधात उजवा लागत असेल तर डावा निरुपयोगी, कधी घातकसुद्धा. कारखान्यात करायला गेलं तर दोन्ही निम्मे निम्मे होतात. हे एन्झाइम मात्र फक्त उजवाच करतं. ते कसं निवडतं, हे मी गणिताने शोधते.

तुम्हाला कळावं म्हणून मी आपला घाट सांगितला. पदार्थ बदलतो म्हणजे जणू घाट चढून पलीकडे उतरतो. उजव्याची एक खिंड, डाव्याची एक. दोन्हींच्या उंचीत फरक अगदी थोडा, पण सगळे बुटक्या खिंडीतूनच जातात. माझं काम दोन्ही खिंडींची उंची मोजण्याचं, आणि एक उंच का झाली ते सांगण्याचं. तुम्ही बराच वेळ पडद्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, “मेंढरं खिंड उंच का बुटकी ते बघत नाय, माय. पानी कुठल्या अंगाला हाय ते बघत्यात.” मी म्हटलं, “दादा, ही मेंढरं नाहीत.” तुम्ही म्हणालात, “आसं व्हय,” आणि बशीतला चहा पिऊन टाकलात. तुम्हाला एन्झाइमातलं काही उमगलं होतं असं मी आज म्हणणार नाही. तसं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. तुम्ही मेंढरांबद्दलच बोलत होता. मी फक्त ऐकायला हवं होतं, एवढंच.

कारण आमच्या धंद्यात एक रिवाज होता. एन्झाइमचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकतात, आणि त्यातून प्रत्येक अणू कुठे बसलाय त्याची लांबलचक यादी मिळते. त्या यादीच्या तळाशी पाण्याचे रेणू असतात, आत-बाहेर अडकून राहिलेले, शे-दोनशे. गणित सुरू करण्याआधी पहिली गोष्ट काय करायची, तर त्या सगळ्या ओळी पुसायच्या. याला आम्ही ‘साफ करणं’ म्हणायचो. पाण्याचा काही भरवसा नाही, ते आज इथे उद्या तिथे, उगीच पसारा. सगळेच तसं करायचे. मी इतरांपेक्षा जास्त निगुतीने करायचे. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगातल्या सिस्टरांनी मला कपाटातल्या घड्या पट्टीने मोजायला शिकवलं होतं. मळ दिसला की माझा हात आपोआप फडक्याकडे जातो, अजूनही.

तर मी सगळं स्वच्छ केलं, दोन्ही खिंडी मोजल्या, आणि उत्तर आलं. एन्झाइमच्या पोकळीत भिंतीवर एक फांदी पुढे आलेली आहे, ती डाव्याला आडवी येते. म्हणजे भिंत निवडते. आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याशी जुळला, पेपर छापून आला, लोकांनी वर्षानुवर्षं त्याचा दाखला दिला. मग कुणीतरी प्रयोगात ती फांदीच छाटली. माझं खरं असेल तर त्यानंतर डावा निर्धास्त आत यायला हवा होता. आला नाही. एन्झाइम पहिल्यासारखंच उजवा करत राहिलं. मी म्हणाले, त्यांचा नमुना अशुद्ध असणार. शाळेत आमच्या गणिताच्या सिस्टर उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर पानावर भलं मोठं शून्य काढायच्या. मी त्यांची लाडकी होते. ते शून्य मला कधी मिळालं नव्हतं.

त्याच सुमाराला ही मुलगी माझ्याकडे होती. एका दुपारी ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. “मॅडम, एक पाणी मी पुसलं नाय,” ती म्हणाली.

“का? आळस?”

“नाय मॅडम. ह्या जातीच्या एन्झाइमचे जेवढे स्फटिक छापलेत, तेवढे काढून बघितले. बाकीचं पाणी हिकडं-तिकडं हाय, पर हे एक सगळ्यांत त्याच जागी. खोल आतमधी. ते पाहुणं नाय. घरचं हाय.”

“घरचं असेल तर घरी ठेव. इथे स्वच्छ मॉडेल लागतं.”

“पर ते ठेवलं तर भिंतीचं काही चालतच नाय, मॅडम. उजवा वर चढायला लागला की ते पाणी त्याला हात देतं. डावा आला तर त्या पाण्याला जागा सोडावी लागते, आन तेवढ्यानं खिंड उंच व्हती. एकदा फक्त बघा.”

मी पाहिलं नाही. एक पाणी ठेवून गणित करायला आमच्या मशीनला दोन दिवस जास्त लागले असते, बस्स. मर्यादा कसल्या? मी म्हणाले, “आधी घाण काढ, मग बोलू.” ते प्रकरण मी तिच्या प्रबंधातून काढायला लावलं. तिने काढलं. पदवी मिळाली, पण पुढे जाण्यासारखं त्या प्रबंधात काहीच उरलं नव्हतं. चार ठिकाणी अर्ज केले, कुणी घेतलं नाही. मग कितीतरी वर्षं ती कन्नडला ज्युनिअर कॉलेजात मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती, रोज एसटीने जाऊन-येऊन. लोक विचारायचे, तुमची ती हुशार मुलगी कुठे गेली? मी म्हणायचे, हुशार होती, पण चिकाटी नव्हती. हे मी चांगल्या मराठीत, शांतपणे, पुष्कळ जणांना सांगितलंय.

आज तिच्याकडे मोठी मशीन आहेत. तिने पाण्याचा कण न् कण हलता ठेवून सगळं पुन्हा केलं, प्रयोग करणाऱ्यांनाही बरोबर घेतलं. आणि तेच निघालं. ते एक पाणी. इतकं झाल्यावर तिने माझ्यासाठी शोधलेला शब्द कोणता, तर मर्यादा.

दुपारभर मी ते वाक्य समोर ठेवून बसले होते. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. आणि मला एवढ्या वर्षांनी ती मेंढी आठवली. तुम्हाला आठवते का? तुम्ही हजार मेंढ्या पाहिल्या असतील. मी दहा वर्षांची, बोर्डिंगातून दिवाळीच्या सुट्टीला आलेली. आपला मेंढरांचा वाडा तेव्हा कन्नडच्या अलीकडे एका शेतात बसलेला, मेंढ्यांच्या लेंड्यांचं खत व्हावं म्हणून त्या शेतकऱ्याने बोलावलेला. सकाळी तुम्ही मेंढरं घेऊन रानात गेलेले, आई डोईवर घागर घेऊन विहिरीवर. एक पहिलटकर मेंढी वाड्यावरच ठेवलेली, आज-उद्या विणार म्हणून. ती माझ्यासमोरच विते. कोकरू उभं राहतं, धडपडतं, परत उभं राहतं.

संध्याकाळी तुम्ही येता तेव्हा कोकरू एका कोपऱ्यात पडून असतं आणि मेंढी दुसऱ्या. तुम्ही त्याला तिच्यापुढे धरता. ती हुंगते, मागे सरते आणि टक्कर मारते. पुन्हा धरता, पुन्हा टक्कर. तुम्ही काय नाही केलंत. कोकराच्या अंगाला मीठ चोळलं, ती चाटेल म्हणून. कुत्रं आणून जवळ बांधलं, भीतीने तरी तिला माया येईल म्हणून. तिचा मागचा पाय गुडघ्यात दाबून कोकराच्या तोंडात सड दिला. ती दूध देते, पण मान वळवून हुंगते आणि लाथ झाडते. तीन दिवस. मी तुमच्या मागे उभी असायची, हात फ्रॉकच्या मागे बांधून. आई म्हणाली, “पहिलटकर हाय, कळंल तिला.” तुम्ही मान हलवलीत. “कळायचं आसतं तर कवाच कळलं आसतं. जी आपल्या पोटचं वळखत नाय तिला ठिवून काय करायचं?” सोमवारच्या बाजाराला तुम्ही तिला घेऊन गेलात. येताना दोरीच आणलीत. कसायाला दिली, हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. कोकराला मी बाटलीने पाजत होते. सुट्टी संपली, मी बोर्डिंगात परत आले, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही किराणा दुकानदाराकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं, ‘कोकरू बरं हाय.’ उन्हाळ्यात आले तेव्हा ते नव्हतं.

पुढच्या दिवाळीत एक मेंढी विताना तिचं कोकरू मेलं आणि दुसरीकडे एक आईवेगळं होतं. तुम्ही त्या पोरक्या कोकराला उचललंत आणि त्या मेंढीच्या वितानाच्या बुळबुळीत पाण्यात चांगलं घोळलंत, नाकापासून शेपटीपर्यंत. ती मेंढी वळली, चाटायला लागली, आणि बघता बघता त्याची आई झाली. तुम्ही हात मातीत पुसत मला म्हणालात, “बघ माय. वळख वल्यात आसती. त्या पान्यानं तिला कळतं माझं कोन ते. ते पानी गेलं की पोटचं पोर बी परकं.” मी ते ऐकलं आणि वाड्याच्या मागे जाऊन बसले. जेवायलाही आले नाही. तुम्हाला वाटलं, शहरातल्या पोरीला किळस आली.

जगात ज्या कुणाला कोरड्या एन्झाइमचा संशय यायला हवा होता, ती मी होते. इतरांचा तो रिवाज होता. मला तर तुम्ही सांगून ठेवलं होतं.

चार वाजता मी तिला फोन केला. “ते वाक्य काढ,” म्हणाले.

“मॅडम, मग काय लिहू? काहीच नाय लिहिलं तर लोकं विचारतील.”

“लिही, की हे पाणी पुसू नये असं तू तुझ्या पीएचडीच्या वेळेलाच दाखवलं होतंस आणि तुझ्या मार्गदर्शिकेने ते प्रकरण काढायला लावलं. संगणकाला मध्ये आणू नकोस. त्या बिचाऱ्याला दोन दिवस जास्त लागले असते.”

“असं कुनी लिहीत नाय, मॅडम.”

“मग आपण लिहू. आणि नाव घाल माझं, मार्गदर्शिका कोण ते लोकांना शोधत बसायला नको.”

मग ती म्हणाली, “ते प्रकरण हाय माझ्याजवळ. सीडीवर. कन्नडच्या खोलीतबी होतं, इकडं येतानाबी आणलं. फेकवलं नाय.”

“बरं केलंस,” मी म्हणाले. आणखी काही बोलायला हवं होतं. चिकाटीबद्दल मी लोकांना जे सांगत होते ते तिच्या कानावर गेलं असणार. ते तोंडातून निघालं नाही. “जेवलीस का?” एवढं विचारलं. ती हसली. म्हणाली, “चार वाजता कोन जेवतं, मॅडम?”

नंतर मेलवरही लिहून पाठवलं, म्हणजे मला माघार घ्यायला नको. ते गेलं. हे पत्र मात्र कुठे जाणार? तुम्हाला वाचता येत नव्हतं. बोर्डिंगातून मी लिहायचे ती सगळी पत्रं बाजारच्या दिवशी किराणा दुकानदार तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा, गिऱ्हाईकं उभी असताना. म्हणून त्यात मी फक्त नंबर आणि हवापाणी लिहायचे. काही गोष्टी दुकानात वाचून घेण्यासारख्या नव्हत्या, आणि तोंडाने सांगायला मला पुढे कित्येक वर्षं मिळाली, त्यात मी सांगितल्या नाहीत. त्या थंड खोलीत तुम्ही चहा पीत बसला होता तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. तुमचं नाक इतकं तिखट, त्या संध्याकाळी वाड्यावरच तुम्हाला वास आला होता की नाही, हे मला आता कळायचं नाही. आला असेल आणि तरीही तुम्ही त्या मेंढीला बाजारात नेलं असेल, तर ते कुणासाठी, हेही नाही.

ती मेंढी खुळी नव्हती, दादा. कोकरू पिवळं, चिकट, घाण दिसत होतं. सिस्टरांनी सुट्टीला जाताना दिलेली लाल साबणाची वडी माझ्या ट्रंकेत होती. आई विहिरीवरून यायच्या आत मी ते धुतलं, दोनदा, आणि माझ्या टॉवेलने कोरडं करून तिच्यापुढे ठेवलं.